नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान: रोजचं टाचण, रोजचा गृहपाठ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान राज्य मंडळाच्या शाळांत नववी-दहावीला गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी आहे. वर्गात पन्नास-साठ मुलं, ३५ मिनिटांची तासिका आणि हाताशी एक फळा, एवढंच गृहीत धरलं आहे.

टाचण (तासाचं लेखी नियोजन) नेमकं कशासाठी लिहायचं? साहेब आले की दाखवायला?

दाखवायला लागतं, हे खरं. पण नुसतं दाखवण्यासाठी लिहिलेलं टाचण ओळखू येतं. त्यात ‘विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे’ असं उद्दिष्ट असतं आणि उदाहरण एकही नसतं.

कामाचं टाचण अर्ध्या पानात मावतं. त्यात पाच गोष्टी हव्यात. आजचा उपघटक (अख्खा घटक नव्हे). फळ्यावर घ्यायची तीन-चार उदाहरणं, स्वतः शेवटच्या पायरीपर्यंत सोडवलेली. मुलं हमखास कुठे चुकतील ते. तास संपताना द्यायचा एक प्रश्न. आणि गृहपाठ. खाली दोन ओळी कोऱ्या सोडा. तास झाल्यावर काय राहिलं ते तिथे लिहायचं.

लिहायला सुरुवात मात्र त्या शेवटच्या प्रश्नापासून करा. ‘तास संपल्यावर मुलाला हे एक उदाहरण आधाराशिवाय यायला हवं’ हे ठरलं, की आधी काय घ्यायचं ते सुचतं आणि काय गाळायचं तेही कळतं.

वर्षाचे तास कसे मोजायचे? आमचा अभ्यासक्रम दरवर्षी जानेवारीत अंगावर येतो.

वार्षिक नियोजन कॅलेंडरवरून न करता हातात पडणाऱ्या तासांवरून करा. समजा गणिताला आठवड्याला ६ तास आहेत. जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत साधारण १८ आठवडे, म्हणजे १०८ तास. त्यातून गणपती, नवरात्र, १५ ऑगस्टची तयारी, घटक चाचणी, सत्र परीक्षा आणि अतिवृष्टीची सुट्टी वजा केली की ८५ उरले तरी पुष्कळ. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे आणखी एक-दोन आठवडे कमी धरा.

दहावीला दुसऱ्या सत्राचा भरवसा धरू नका. बोर्डाची परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्याआधी प्रात्यक्षिकं, त्याआधी पूर्वपरीक्षा. दिवाळीनंतर शिकवायला मिळतात ते आठ-नऊ आठवडे. म्हणून दहावीचा दोन-तृतीयांश भाग पहिल्या सत्रातच व्हायला हवा.

घटकांना तास वाटताना पानांची संख्या बघू नका. बीजगणितात ‘वर्गसमीकरणे’ आणि भूमितीत ‘समरूपता’ व ‘वर्तुळ’ हे घटक वेळ खातात. ‘संभाव्यता’ तुलनेनं लवकर उरकते. दर पाच तासांमागे एक तास मोकळा ठेवा. तो रिकामा राहत नाही, काळजी नको.

पुस्तकातल्या क्रमानेच शिकवायचं का?

बहुतेक वेळा हो. पण गणित आणि विज्ञान ही दोन पुस्तकं एकमेकांना विचारून लिहिलेली नाहीत, आणि त्याचा फटका विज्ञानाच्या तासाला बसतो.

नववीच्या विज्ञानात दुसराच पाठ ‘कार्य आणि ऊर्जा’. बल आणि विस्थापन यांच्यात कोन असेल तर कार्याच्या सूत्रात कोसाइन येतो. भूमितीच्या पुस्तकात मात्र त्रिकोणमिती आठव्या प्रकरणात. जुलै-ऑगस्टमध्ये मुलं कोसाइन हा शब्द पहिल्यांदा ऐकतात, तोही विज्ञानाच्या शिक्षकांकडून. अशा वेळी त्रिकोणमिती शिकवत बसू नका. ० अंशाला १, ६० अंशाला अर्धा, ९० अंशाला ०, १८० अंशाला उणे १, एवढा तक्ता वर्गात लावा आणि पुढे चला.

दहावीला तसंच ‘गुरुत्वाकर्षण’ पहिल्या पाठात. गुरुत्व स्थिरांक ६.६७ गुणिले १० चा उणे ११ वा घात, पृथ्वीचं वस्तुमान ६ गुणिले १० चा २४ वा घात. मुलांना गुरुत्वाकर्षण कळतं, ती अडतात घातांकांच्या बेरीज-वजाबाकीत. पाठ सुरू करण्याआधी एक अख्खा तास फक्त घातांकांच्या नियमांना द्या. तो वाया गेल्यासारखा वाटेल, पण पुढचे तीन वाचतील.

जूनमध्ये दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी अर्धा तास बसून अशा जागा पेन्सिलीनं खुणावून घेतल्या तर फार बरं. बऱ्याच शाळांत दोन्ही विषय एकाकडेच असतात. तिथे तर सबबच नाही.

३५ मिनिटांच्या तासाची विभागणी कशी करावी? एखादा तास उलगडून दाखवाल?

दहावी, बीजगणित, ‘अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवणे’ हा तास घेऊ.

पहिली ५ मिनिटं: कालच्या गृहपाठातलं एक उदाहरण, संख्या बदलून. मुलं वहीत सोडवतात, तेवढ्यात तुमची हजेरी आणि एक फेरी होते.

पुढची १० मिनिटं: फळ्यावर क्ष² + ५क्ष − २४ = ०. गुणाकार उणे २४ आणि बेरीज ५ येणाऱ्या दोन संख्या मुलांकडूनच काढून घ्या. ८ आणि उणे ३. मग (क्ष + ८)(क्ष − ३) = ०. इथे घाई करू नका. ‘दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर निदान एक शून्य असलीच पाहिजे’ हे वाक्य फळ्याच्या डाव्या भागात लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. अख्खी पद्धत त्यावर उभी आहे. मुळं उणे ८ आणि ३. दोन्ही मूळ समीकरणात ठेवून पडताळा.

पुढची १० मिनिटं: दोन सापळे. पहिला, क्ष² = ७क्ष. निम्मा वर्ग दोन्ही बाजूंना क्ष नं भागेल आणि ७ उत्तर देईल. ० हे मूळ गेलं कुठे, ते त्यांनाच शोधू द्या. दुसरा, (क्ष − ३)(क्ष − २) = ६. ‘क्ष − ३ = ६, म्हणून क्ष = ९’ असं कोणीतरी लिहितंच. ९ ठेवून बघायला सांगा: ६ गुणिले ७, ४२ होतात. उजवीकडे शून्य का लागतं ते आता सांगावं लागत नाही. बरोबर मुळं ० आणि ५.

पुढची ५ मिनिटं: शेवटचा प्रश्न, क्ष² − २क्ष − १५ = ०. कागदाच्या चिटोऱ्यावर सोडवून, नाव लिहून द्यायचा. हे कागद घरी न्यायचे नाहीत. शिक्षकखोलीत चहा होईस्तोवर तीन गठ्ठे करा: बरोबर (५ आणि उणे ३), चिन्हाची चूक (उणे ५ आणि ३), अवयवच नाहीत. उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते तिसरा गठ्ठा किती जाड आहे त्यावरून ठरतं.

शेवटची ५ मिनिटं: गृहपाठ फळ्यावर लिहा, त्यातल्या पहिल्या उदाहरणाची पहिली ओळ वर्गातच करून घ्या. गृहपाठ घंटेवर ओरडून सांगितला तर अर्ध्या वह्यांत तो चुकीचाच उतरतो.

आठवड्याचं टाचण रविवारी एकदम लिहिलं तर चालेल का?

सांगाडा लिहा: उपघटक, उदाहरणं, साहित्य. सुरुवातीची पाच मिनिटं आणि गृहपाठ या दोन जागा मात्र कोऱ्या ठेवा. त्या आदल्या दिवशीच्या चिटोऱ्यांवरून भरायच्या. शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, तिथे नवा घटक सुरू करू नका.

गेल्या वर्षीचं टाचण तारीख बदलून वापरायला हरकत नाही, पण तासानंतरच्या त्या दोन ओळी त्यात भरलेल्या असतील तरच.

गृहपाठ किती द्यावा?

जेवढा तपासता येईल तेवढाच. हे भावनिक उत्तर नाही, हिशेब आहे. एका वहीला दीड मिनिट धरलं तर ५५ वह्यांना ८२ मिनिटं. असे तीन वर्ग असतील तर चार तासांहून जास्त, रोज. कोणीही करत नाही. मग सगळ्या पानांवर एक लाल तिरकी रेघ मारली जाते, आणि शिक्षक बघत नाहीत हे मुलांना आठवडाभरात कळतं. आख्खा सरावसंच ‘करून आणा’ म्हणणं म्हणजे उतरवून आणा म्हणणंच.

मुलाच्या बाजूनंही बघा. नववी-दहावीचं मूल सहा-सात विषय घेऊन बसतं, बहुतेकांना क्लास असतो. गणिताला २५ ते ३० मिनिटं, विज्ञानाला २० मिनिटं, यापलीकडे काही होत नाही. गणितात पाच-सहा उदाहरणं. ज्या उदाहरणाला तुम्हाला दोन मिनिटं लागतात, त्याला मधल्या फळीतल्या मुलाला सहा लागतात असं धरा.

पाच-सहाच द्यायची तर कोणती?

तीन आजची, दोन गेल्या आठवड्याच्या घटकातली, एक महिन्यापूर्वीचं. नुसती आजचीच सहा दिली तर मुलं पद्धत ओळखायला शिकत नाहीत, कारण कोणती पद्धत वापरायची ते सरावसंचाच्या मथळ्यावरच लिहिलेलं असतं. बोर्डाच्या पेपरात मथळा नसतो.

दुसरी गोष्ट बहुतेक नियोजनांतून सुटते: चुकलं तर चूक कोणती हे नुसत्या उत्तरावरून कळेल अशा संख्या निवडा. भिंगाचं उदाहरण घ्या. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर, प्रतिमा कुठे? वस्तूचं अंतर उणे १५ घेतलं तर प्रतिमेचं अंतर ३० सेंमी येतं आणि विशालन उणे २. चिन्हसंकेत विसरून अधिक १५ घेतलं की ६ सेंमी येतं. सूत्र बरोबर लावून शेवटी व्यस्त घ्यायचं राहिलं की एक-तीसांश. वहीत ६ दिसलं की पायऱ्या वाचायची गरज नाही, ‘चिन्ह’ लिहा आणि पुढची वही घ्या. संख्या वाटेल त्या घेतल्या, तर चुकीचं उत्तर नुसतं चुकीचं दिसतं, त्यातून काही कळत नाही.

मग तपासायचं कसं?

रोज सगळ्या वह्या नकोत. रोज दहा वह्या, हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढून. आठवड्याच्या सहा दिवसांत साधारण दोन-तृतीयांश वर्ग होतो, आणि आज आपला नंबर लागेल का हे कोणालाच आधी ठाऊक नसतं. एकदा निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायची. ‘माझी झाली, आता आठवडाभर सुट्टी’ हा हिशेब त्यामुळे मोडतो.

पूर्ण वाक्यं लिहीत बसू नका. समासात खुणा करा: ‘चि’ चिन्हाची चूक, ‘ए’ एकक नाही, ‘आ’ आकृती नाही, ‘का’ भूमितीत कारण लिहिलेलं नाही, ‘पा’ पायरी गाळली. खुणांचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर जूनमध्येच लिहून घ्या. दुरुस्ती मुलानं स्वतः, खुणेच्या खाली करायची. बरोबर उत्तर तुम्ही लिहून दिलंत तर काम तुमचं झालं, त्याचं नाही.

अदलाबदल करून तपासणं एकओळी उत्तरांना चालतं. भूमितीच्या सिद्धतेला चालत नाही. शेजाऱ्यालाही तीच पायरी कळलेली नसते.

दहावीच्या गणितात लेखी परीक्षा ४० अधिक ४० अशी ८० गुणांची आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. त्यात गृहपाठाचाही वाटा असतो, तेव्हा या दहा-दहा वह्यांची नोंद तारखेसह एका रजिस्टरात ठेवा. फेब्रुवारीत गुण भरताना आठवणीवर विसंबावं लागत नाही.

मुलं गाईडमधून नाहीतर मोबाइलवरून उतरवून आणतात. काय करायचं?

पकडायच्या मागे लागू नका, उतरवण्याचा फायदा काढून घ्या. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाच मिनिटांत त्याच उदाहरणाच्या संख्या बदलून दिल्या की घरी कोणी काय केलं ते उघडं पडतं. शिवाय आठवड्यातून एकदा सोडवायला न देता चूक शोधायला द्या: एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, त्यात मुद्दाम एक पायरी चुकवलेली. ‘कुठे चुकलं आणि का, दोन ओळींत लिहा.’ हे गाईडात नसतं. मोबाइल याचं उत्तर देईल, पण दोन ओळी वर्गात तोंडी विचारल्या की खरं-खोटं लगेच कळतं.

विज्ञानाचा गृहपाठ म्हणजे स्वाध्यायाची प्रश्नोत्तरंच ना?

त्यातली निम्मी वर्गातच पुस्तकात खुणा करून संपवा. लांबलचक उत्तरं उतरवण्यात हात दुखतो, डोकं चालत नाही. घरी द्यायच्या गोष्टी वेगळ्या. नामनिर्देशित आकृती पुस्तक मिटून काढणं, मग पुस्तक उघडून लाल पेननं स्वतःच दुरुस्त करणं. किरणाकृती: पट्टीनं, बाण दाखवून, बाण नसलेली किरणाकृती अर्धवट समजायची. रासायनिक समीकरणं रोज दोन संतुलित करायची. आणि मोजणी: घरातल्या चार उपकरणांवरचे वॅट वाचून, दिवसाला किती तास चालतात ते लिहून महिन्याची युनिटं काढा. १००० वॅटची शेगडी एक तास म्हणजे एक युनिट, हे वीजबिल समोर ठेवलं की पक्कं बसतं.

प्रयोग नियोजनात कसा बसवायचा? दरवेळी तास संपतो आणि प्रयोग राहतो.

कारण प्रयोगाला स्वतःची घाई नसते. तो आधी सुरू करायचा आणि शिकवणं त्याच्या पोटात बसवायचं.

विस्थापन अभिक्रियेचा लोखंडी खिळ्याचा प्रयोग घ्या. साठ मुलांचे सहा-सहाचे दहा गट. १०० मिली पाण्यात साधारण ५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), प्रत्येक परीक्षानळीत १० मिली. खिळे आदल्या दिवशी घासकागदानं घासून ठेवा. तेलकट किंवा गंजलेल्या खिळ्यावर थर नीट बसत नाही. दुकानातून चकचकीत खिळे आणू नका. त्यांच्यावर बहुधा जस्ताचा मुलामा असतो, मग आधी जस्ताचीच अभिक्रिया होते, खिळा काळपट पडतो आणि मुलं ‘पुस्तकात तांबूस लिहिलंय’ म्हणत बसतात. खिळे तासाच्या पहिल्या मिनिटाला टाका. दहा-पंधरा मिनिटांत तांबूस थर दिसतो, तोवर अभिक्रियाशीलता श्रेणी फळ्यावर घेऊन होते. निळा रंग फिकट व्हायला मात्र तास पुरत नाही. म्हणून एक नळी आदल्या दिवशीच लावून ठेवा आणि शेवटी दोन्ही शेजारी धरून दाखवा. मोरचूद विषारी आहे, सगळ्यांनी हात धुतल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत.

पानातल्या स्टार्चच्या प्रयोगाला दोन दिवस आधी सुरुवात लागते. सोमवारी तास असेल तर कुंडी शनिवारी अंधारात. सोमवारी सकाळी पानाच्या एका भागावर काळा कागद लावून काही तास उन्हात. पहिल्याच तासाला विज्ञान असेल तर हे जमणारच नाही, दुपारचा तास मागून घ्या. जुलैच्या झडीत ऊन नसतं, प्रयोग सप्टेंबरनंतर ठेवा. जास्वंदीसारखं पातळ पान चालतं. कोरफड, रबर असली जाड पानं नकोत. स्पिरिट कधीही थेट ज्योतीवर तापवू नका. पाणी उकळा, ज्योत विझवा, मग त्या गरम पाण्यात स्पिरिटची परीक्षानळी ठेवा. आयोडीन कोऱ्या चहाइतकं पातळ घ्या, गडद घेतलं तर सगळंच पान काळं दिसतं.

सेमीच्या (गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या) वर्गाला वेगळं टाचण लागतं का?

वेगळं नको, शब्दांची एक पट्टी लागते. सातवीपर्यंत परावर्तन, अपवर्तन, लसावि, छेद असं शिकलेलं मूल एकदम रिफ्लेक्शन, रिफ्रॅक्शन, एलसीएम, डिनॉमिनेटर ऐकतं. घटकाच्या पहिल्या तासाला दहा जोड्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, घटक संपेपर्यंत ठेवा. समजावणं मराठीत, लिहिणं पेपरच्या भाषेत. ‘असेंडिंग ऑर्डर’ न कळल्यामुळे मध्यकाचं उदाहरण चुकणाऱ्याला सांख्यिकी येत नाही असं समजू नका.

वर्गातल्या निम्म्या मुलांना अपूर्णांकच येत नाहीत. दहावीचं कसं शिकवू?

मागचं सगळं शिकवून मग पुढे जाऊ, या बेताला वर्ष पुरत नाही. आज जे लागणार आहे तेवढंच मागचं घ्या, त्याच तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत. भिंगाच्या तासाला १/१० − १/१५. रेषीय समीकरणांच्या आधी ऋण संख्यांची वजाबाकी. अंकगणिती श्रेढीच्या आधी १३ ते १९ चे पाढे. २/३ + ३/४ चं उत्तर ५/७ देणाऱ्यांची यादी करा. ती बहुधा दहा-बारा नावांवर थांबते, निम्मा वर्ग नसतो. या मुलांना गृहपाठात आजची तीन नकोत, आजचं एक आणि अपूर्णांकांची तीन द्या. फळ्यावर ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संच लिहायचे आणि कोणता घ्यायचा ते मुलाशेजारी उभं राहून हळूच सांगायचं.

सोयाबीन काढणीला, ऊसतोडीला मुलं जातात. त्यांचं नियोजन?

काढणीचे आठ-दहा दिवस गावाला आधीच माहीत असतात. त्या दिवसांत नवा संबोध सुरू करू नका, सराव आणि प्रयोग ठेवा. ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर जाणारं मूल मात्र दसरा-दिवाळीनंतर गेलं की महिनोन्‌महिने येत नाही. त्याच्यासाठी जाण्यापूर्वी एक वही तयार करा: प्रत्येक पानावर वर एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, खाली तसंच एक कोरं. चाळीस पानं पुरतात. पालकांपैकी कोणाकडे फोन असेल तर आठवड्याला एका पानाचा फोटो मागवा, रोजचा नको; तोड सुरू झाल्यावर रोज कोणाला जमणार?

बदली तासाला किंवा मी रजेवर असताना काय?

टेबलाच्या खणात नेहमी तीन तासांचे कागद तयार हवेत: जुन्या घटकांवरची आठ उदाहरणं, मागे उत्तरं. बदलीवर येणारे शिक्षक मराठीचे असले तरी तास चालतो.

दिवाळीच्या सुट्टीत किती द्यावा?

दहा दिवस, रोज दोन उदाहरणं, सगळी पहिल्या सत्रातली. सणाचे चार दिवस त्यात धरू नका. सुट्टी संपल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यातल्याच पाच उदाहरणांची २० गुणांची चाचणी ठेवा आणि तसं सुट्टीआधीच सांगा. वह्या तपासायची गरज उरत नाही.